जुन्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यात ३५ मिमी फिल्मवर पॅनोरामा काढताना या चुका टाळा

१९९८ साली हॅसलब्लाडने एक्सपॅन हा कॅमेरा बाजारात आणला आणि ३५ मिमीच्या नेहमीच्या रोलवर २४ × ६५ मिमीची लांबट चौकट मिळण्याची सोय झाली. आज तो कॅमेरा वापरलेला घ्यायचा म्हटला तरी सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. ज्यांच्या कपाटात मामिया आरबी ६७, पेंटॅक्स ६७, याशिका मॅट १२४ जी किंवा एखादा घडीचा ६ × ६ सेंमीचा कॅमेरा आहे, त्यांना मात्र थ्रीडी प्रिंटरवर तयार केलेली प्लास्टिकची दोन-तीन बूच, म्हणजेच ॲडॅप्टर, बसवून तशीच चौकट मिळवता येते. दातेरी छिद्रांसकट चित्र हवे असेल तर फिल्मची पूर्ण ३५ मिमी रुंदी वापरता येते, आणि नको असेल तर छिद्रांच्या मधली २४ मिमीची पट्टी ठेवता येते. ६ × ७ च्या कॅमेऱ्यात या पट्टीची लांबी सुमारे ७० मिमी भरते.

या प्रयोगात फसलेले रोल पाहिले की बहुतेक चुकांचे मूळ एकच असल्याचे दिसते. कॅमेरा १२० च्या, म्हणजे सुमारे ६ सेंमी रुंदीच्या मीडियम फॉरमॅट फिल्मचा आहे, म्हणून आपण आतल्या रोललाही १२० चेच नियम लावतो. वास्तविक १२० च्या फिल्मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठीमागे कागद असतो आणि ३५ मिमीच्या फिल्मला तो मुळीच नसतो. तिचे खरे साम्य आहे ते २२० या आता जवळजवळ दुर्मीळ झालेल्या फिल्मशी, कारण २२० मध्ये कागद केवळ सुरुवातीला आणि शेवटी असे, मधली फिल्म उघडी असे आणि लांबी १२० च्या साधारण दुप्पट असे. ३६ फोटोंचा ३५ मिमीचा रोलही सुमारे १.६ मीटर लांब असतो. त्यामुळे कॅमेऱ्यात जी भरली आहे ती अरुंद अशी २२० आहे, असे मनाशी धरून चालल्यास पुढच्या कितीतरी अडचणी आपोआप टळतात.

याशिका मॅट १२४ जीच्या मागच्या झाकणातील प्रेशर प्लेट, म्हणजे फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी, सरकवून १२० किंवा २२० निवडता येते आणि पेंटॅक्स ६७ मध्येही तशी सोय आहे. अशा कॅमेऱ्यात निवड २२० वरच ठेवावी, म्हणजे प्लेट कागद नसलेल्या पातळ फिल्मला नीट टेकते आणि दहाव्या किंवा बाराव्या फोटोनंतर कॅमेरा रोल संपल्याचे गृहीत धरत नाही.

फ्रेम एकमेकींवर चढणे ही सर्वांत जास्त मनस्ताप देणारी चूक आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे. वाईला कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आणि त्याला लागून पसरलेल्या पायऱ्या एका लांब पट्टीत घ्याव्यात, म्हणून घडीच्या ६ × ६ कॅमेऱ्यात मी ३५ मिमीचा रोल भरला होता. त्या कॅमेऱ्याला मोजणी-यंत्र नाही, कागदावरचे आकडे दिसण्यासाठी केवळ मागे लाल खिडकी आहे. म्हणून आधी १२० चा एक वाया गेलेला रोल भरून प्रत्येक आकड्यासाठी गुंडी किती वळसे फिरवावी लागते ते मी वहीत टिपून घेतले आणि घाटावर तेवढेच वळसे दिले. रोल धुऊन आल्यावर दिसले की पहिल्याच चौकटीतला देवळाचा कळस दुसऱ्या चौकटीतल्या पायऱ्यांवर उमटला आहे, आणि पुढेही एकही चौकट स्वच्छ सुटलेली नव्हती.

याचे कारण स्पूलच्या, म्हणजे फिल्म गुंडाळणाऱ्या रिळाच्या, जाडीत आहे. १२० चा पहिला फोटो येईपर्यंत रिकाम्या स्पूलवर बराच कागद गुंडाळला गेलेला असतो, शिवाय पुढे प्रत्येक वळशाला फिल्म आणि कागद अशा दोन थरांची भर पडत जाते, त्यामुळे तेवढ्याच वळशात जास्त लांबी ओढली जाते. ३५ मिमीची फिल्म उघड्या स्पूलवर आणि एकेरी थराने गुंडाळली जाते, म्हणून तितक्याच वळशात ती कमी सरकते. ज्या कॅमेऱ्यांचे यंत्र फिल्मला टेकलेल्या रुळाने प्रत्यक्ष लांबी मोजते, त्यांना या फरकाने फारसे बिघडत नाही. जे यंत्र स्पूलच्या जाडीचा अंदाज धरून चालते, ते मात्र हमखास फसते.

यावर सोपा उपाय आहे. १२० च्या जुन्या रोलचा कागद जपून ठेवावा, त्याचा सुरुवातीपासून बाणाच्या खुणेपर्यंतचा भाग कापून रिकाम्या स्पूलवर घट्ट गुंडाळावा आणि बाणापाशी ३५ मिमीच्या फिल्मची जीभ रुंद चिकटपट्टीने अगदी सरळ चिकटवावी. जीभ किंचित तिरकी लागली तरी पाच-सहा फोटोंनंतर फिल्म एका कडेला सरकत जाते आणि दातेरी छिद्रे चित्रात तिरपी घुसतात. लाल खिडकीच्या कॅमेऱ्यासाठी वळसे मोजायचे असतील, तर ते वाया गेलेल्या ३५ मिमीच्या रोलवरच मोजावेत. झाकण उघडे ठेवून चौकटीच्या दोन्ही कडा फिल्मवर पेनाने आखाव्यात, दोन चौकटींत पाच-सहा मिमी जागा सुटेल इतके वळसे द्यावेत आणि प्रत्येक फोटोचा आकडा वेगळा लिहावा, कारण तो रोलभर सारखा राहत नाही.

लाल खिडकीचा दुसरा धोका उजेडाचा आहे. पाठीमागे कागद नसल्यामुळे खिडकीतून आलेला उजेड थेट फिल्मवर पडतो आणि प्रत्येक चौकटीत एक धूसर वर्तुळ उमटते. आपल्याकडे अनेक घरांत अजूनही सापडणाऱ्या अगफा क्लिक थ्रीलाही अशी खिडकी आहे. ती बाहेरून आणि आतून काळ्या चिकटपट्टीने पूर्ण बंद करावी, केवळ तिच्या झडपेवर विसंबू नये.

काही चित्रे मधल्या भागात मऊ येतात आणि दोष लेन्सला दिला जातो. चौकटीच्या दोन्ही कडांचे रूळ ६ सेंमी रुंदीच्या फिल्मसाठी असल्याने ३५ मिमीची पट्टी त्यांच्यावर टेकतच नाही, ती दोन्ही टोकांच्या ताणावर मधोमध तरंगत राहते आणि थोडीशी वळते. एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे उघडलेले असताना, हा बाक स्पष्ट दिसतो. म्हणून ४०० च्या वेगाची फिल्म घ्यावी, एफ/८ ते एफ/११ वर काम करावे आणि कॅसेटच्या बाजूला फिल्म सैल पडू देऊ नये.

चौकटीचा अंदाज चुकणे ही चूक साधी वाटते, पण तिच्यामुळे निम्मा रोल वाया जाऊ शकतो. व्ह्यूफाइंडरमध्ये पूर्ण ६ × ६ किंवा ६ × ७ चे दृश्य दिसते आणि फिल्मवर केवळ मधली पट्टी उमटते, म्हणून पारदर्शक कागदावर २४ मिमीच्या दोन रेघा आखून तो काचेवर ठेवावा. या पट्टीमुळे लेन्सचा कोन वाढत नाही, हेही लक्षात असू द्यावे. आरबी ६७ वर ९० मिमीची लेन्स आडवा सुमारे ४२ अंशांचा कोन देते आणि ५० मिमीची सुमारे ७० अंशांचा. म्हणजे एक्सपॅनच्या ४५ मिमी लेन्सच्या जवळ जायचे असेल तर ५० मिमीची लेन्सच हवी.

याशिका मॅटसारख्या ट्विन लेन्स, म्हणजे वर-खाली दोन लेन्स असलेल्या, कॅमेऱ्यात फिल्म वरून खाली किंवा खालून वर धावते, त्यामुळे कॅमेरा नेहमीसारखा धरला तर पट्टी उभी येते. पुष्कळ जण तिला चूक समजतात, माझ्या मते मात्र ती या कॅमेऱ्याची खरी देणगी आहे. जेजुरीच्या दीपमाळेसारखा उंच, निमुळता विषय या चौकटीत असा बसतो की आजूबाजूची गर्दी आपोआप बाहेर राहते. आडवी पट्टी हवीच असेल तर कॅमेरा तिपाईवर आडवा बसवावा. मग कंबरेवरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य उलटे दिसते, म्हणून रचनेसाठी हुडमधल्या उघड्या चौकटीतून पाहावे.

रोल संपतानाची चूक सर्वांत महागात पडते. २२० ची मोजणी ६ × ६ मध्ये २४ आणि ६ × ७ मध्ये सुमारे २० पर्यंत जात असली तरी ३५ मिमीचा रोल ६ × ६ मध्ये साधारण २० आणि ६ × ७ मध्ये १६-१७ फोटोंवर संपतो, कारण सुरुवातीची फिल्म भरण्यातच खर्च होते. तिचे शेवटचे टोक कॅसेटच्या आत पक्के बांधलेले असते, म्हणून गुंडी जड लागताच थांबावे. जोर लावल्यास फिल्म फाटते किंवा जुन्या यंत्राचे दाते तुटतात. त्यानंतर सवयीने झाकण उघडू नये. १२० चा रोल शेवटी कागदात सुरक्षित गुंडाळलेला असतो, ही फिल्म मात्र स्पूलवर उघडी असते आणि या कॅमेऱ्यांत ती उलटी फिरवून कॅसेटमध्ये नेण्याची सोयच नसते.

हे काम चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड आत न शिरू देणाऱ्या पिशवीत, हातांनी करावे लागते. झाकण उघडून स्पूल आणि कॅसेट एकत्रच बाहेर काढावे, डाव्या अंगठ्याने स्पूलवर हलका दाब ठेवावा आणि उजव्या हाताने कॅसेटची बाहेर आलेली खुंटी फिरवत राहावे. बोटांच्या टोकांना छिद्रांची खरखर जाणवत असते, ती थांबून गुळगुळीत चिकटपट्टी लागली की फिल्म संपली असे समजावे. पट्टी सोडवून कागद वेगळा करावा आणि जिभेचे टोक बाहेर ठेवून बॅग उघडावी. बॅगेत घाम आल्यास फिल्म चिकटते, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम पंख्याखाली आणि हात कोरडे करून करावे.

लॅबमध्ये रोल देताना कॅसेटवरच ठळक अक्षरांत ‘फक्त डेव्हलप, कापू नये’ असे लिहावे. ३५ मिमीच्या निगेटिव्ह ठरावीक लांबीच्या पट्ट्यांत कापण्याचा प्रघात असल्यामुळे ७० मिमीच्या चौकटीवर कात्री मधोमध चालण्याची शक्यता असते. स्कॅनिंगसाठीही नेहमीचा ३५ मिमीचा होल्डर चालत नाही, कारण त्यातल्या आडव्या पट्ट्या चौकटीवर येतात. लाइट बॉक्सवर स्वच्छ काचेखाली निगेटिव्ह सपाट ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने तिचे दोन भाग थोडे एकमेकांवर येतील असे टिपावेत आणि संगणकावर जोडावेत.