मोटार रॅलीत वेगमर्यादेचा बीप: नजर रस्त्यावर, कान मर्यादेवर

जुलै 2019 नंतरच्या गाड्यांतला कंपनीने बसवलेला वेगाचा बीप ताशी 80 किमीला अधूनमधून वाजतो आणि 120 ला सलग. गावातून 40 ची मर्यादा असेल तेव्हा त्याचा काही उपयोग नाही. म्हणून मर्यादेचा बीप फोनवर असा लावा:

1. फोनमध्ये जीपीएस स्पीडोमीटरचं असं ॲप घ्या, ज्यात अलार्मचा आकडा आपण ठरवू शकतो.
2. आकडा मर्यादेपेक्षा 3 ने कमी ठेवा. जीपीएस क्षणभर मागे असतं. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात वळणातून बाहेर पडताना गाडी उचलली की आकडा उशिरा चढतो.
3. फोन काचेजवळ, आकाश दिसेल असा घट्ट बसवा. धातूची सनफिल्म असेल तर सिग्नल अडतो.
4. फ्लाइट मोड लावा, नाहीतर नेमका कॉल आला की बीप दबतो. जीपीएस त्यातही चालतं.
5. आवाज इंटरकॉममध्ये (हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायच्या यंत्रणेत) द्या. हेल्मेट आणि उघड्या खिडक्यांपुढे फोनचा स्पीकर टिकत नाही.

मर्यादा बदलली की आकडा नॅव्हिगेटरनेच (शेजारी बसून वाट सांगणाऱ्याने) बदलायचा, चालकाने फोनला हात लावायचा नाही.

खंबाटकीच्या बोगद्यात सिग्नल जातो आणि बीपही गप्प होतो. तिथे गाडीच्या स्पीडोमीटरचा काटाच पाहा.