गाडीत डग्गा ऐकू यावा म्हणून

माझी स्विफ्ट 2014 ची. कंपनीचा स्टिरिओ डॅशबोर्डमध्ये असा बसवलाय की तो काढला तर तिथे खिंडार पडेल, आणि खरं सांगायचं तर तो वाईटही नाही. तक्रार एकच होती. तीनताल लावला की खाली (डग्ग्याविना वाजणाऱ्या मात्रा) कुठली आणि भरी (डग्ग्यासकट वाजणाऱ्या) कुठली ते कळायचं नाही. तबला शिकलेल्यांना हे लगेच लक्षात येईल. धा म्हणजे उजव्या हाताचा ना आणि डाव्या हाताच्या डग्ग्यावरचा गे, दोन्ही एकदम. डग्गा गायब झाला की धा चा ता होतो, धिं चा तिं होतो आणि सोळाच्या सोळा मात्रा खालीच्याच वाटतात. सवाई गंधर्व महोत्सवाला समोर बसून ऐकलेला डग्गा आणि गाडीतला डग्गा यांत पखवाज आणि पुठ्ठ्याचं खोकं एवढा फरक होता.

यात दारातल्या स्पीकरचा फारसा दोष नाही. एवढ्याशा कोनाने (म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याने) ऐंशी-शंभर हर्ट्झच्या खाली हवा हलवायची म्हटली तर त्याचा दम संपतो. स्टिरिओवर 50 वॉट गुणिले 4 असं लिहिलेलं असलं तरी सलग मिळणारी खरी ताकद चॅनलमागे 15 ते 20 वॉट. बास वाढवला की आवाज फाटतो, डग्गा काही वाढत नाही. म्हणून स्टिरिओ तसाच ठेवून मागे सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) आणि ॲम्प्लिफायर जोडायचं ठरवलं. पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत 27 वर्षं मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन आहे, तेव्हा दुकानात गाडी सोडून येणं जमलं नसतं. दुसरंही एक कारण होतं, ते पुढे येईल.

मी घेतलं ते असं: 10 इंची सबवूफर, 4 ओहमचा, 250 वॉट आरएमएस (म्हणजे सलग चालणारी खरी ताकद), आणि 4 ओहमला 250 वॉट आरएमएस देणारा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा, ॲम्प्लिफायर. डब्यावर मोठ्या अक्षरांत 1200 वॉट वगैरे छापलेलं असतं, ते वाचायचंच नाही. बारीक अक्षरांत आरएमएस शोधायचं. ॲम्प्लिफायरला 'हाय लेव्हल' किंवा 'स्पीकर लेव्हल' इनपुट आहे ना, ते घेण्याआधी बघा. कंपनीच्या स्टिरिओला मागे ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारे आरसीएचे सॉकेट बहुधा नसतात, त्यामुळे स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घ्यावा लागतो. ॲम्प्लिफायरला ती सोय नसेल तर मध्ये लाइन आउट कन्व्हर्टर नावाची डबी टाकावी लागते. एक जोड कमी तेवढं बरं, म्हणून मी सोय असलेलाच घेतला.

आता वायर. इथेच लोक पैसे वाचवतात आणि इथेच वाचवू नयेत.

हिशोब सोपा आहे. क्लास डी ॲम्प्लिफायर साधारण 80 टक्के कार्यक्षम धरा. 250 वॉट बाहेर काढायला बॅटरीतून 312 वॉट ओढणार. इंजिन चालू असताना 13.8 व्होल्ट धरले तर जवळपास 23 ॲम्पिअर. त्याला 8 गेज पुरते, म्हणजे आपल्या भाषेत साधारण साडेआठ स्क्वेअर एमएम. बॉनेटपासून डिकीपर्यंत 5 मीटर जाते आणि पूर्ण भारावर पाव व्होल्ट पडतो, चालतं. 500 वॉटचा घेणार असाल तर 45 ॲम्पिअर होतील, मग 4 गेज, म्हणजे 21 स्क्वेअर एमएम घ्या. गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड, हा उलटा प्रकार लक्षात ठेवा. तयार किटमधली वायर बाहेरून अंगठ्याएवढी दिसते, पण जाडी सगळी प्लॅस्टिकची असते. शिवाय आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असाही माल सर्रास मिळतो. एक तार घेऊन ब्लेडने खरवडा; आत पांढरी चमक दिसली तर ते तांबं नव्हे. स्वस्त म्हणून तीच घ्यायची असेल तर एक माप जाड घ्या. मी अस्सल तांब्याची वायर, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) आणि हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) तपकीर गल्लीतून आणली, बाकी गाडीचं सामान नाना पेठेतून.

आता ते दुसरं कारण. 2019 मध्ये माझ्या भाच्याने एका दुकानातून असंच सगळं बसवून घेतलं. आम्ही साताऱ्याला निघालो होतो. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला आणि तो म्हणाला, "मामा, रबर जळल्याचा वास येतोय का हो?" गाडी कडेला घेतली. डाव्या दाराच्या फटीतून धूर. बॅटरीची वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) न आणता चक्क दाराच्या फटीतून आत घेतली होती. दार लावलं की रोज चिमटा बसायचा, त्यात कव्हर झिजलं आणि तांबं पत्र्याला टेकलं. फ्यूज होता, नाही असं नाही. पण तो डिकीत, ॲम्प्लिफायरच्या शेजारी. शॉर्ट झाला फ्यूजच्या अलीकडे, त्यामुळे फ्यूज शाबूत आणि वायर लाल. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह सोडवेपर्यंत माझे हात थरथरत होते. कारखान्यात एवढी वर्षं पॅनल हाताळली, पण स्वतःच्या माणसांसकट धूर बघणं वेगळं.

तेव्हा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दोन वितींच्या आत, 45 सेंटिमीटरहून लांब नाही. तो वायरसाठी असतो. ॲम्प्लिफायरला त्याचा स्वतःचा फ्यूज असतोच. माझ्या ॲम्प्लिफायरवर 30 चा आहे, बॅटरीजवळ मी 40 चा टाकलाय.

कामाला बसताना सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. काही गाड्यांत बॅटरी काढली की स्टिरिओ कोड मागतो, तेव्हा तो आधी शोधून ठेवा. वायर आत घ्यायला फायरवॉलमध्ये नवं भोक पाडू नका. कंपनीच्या वायरींचं जुडगं जिथून जातं तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवलेलं रबरी बूच असतं. त्यात छोटी चीर पाडून सायकलच्या स्पोकला वायर बांधून ढकलली की येते. बाहेरच्या बाजूला वायरला थोडा खाली झोळ ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकेल, आत ओघळणार नाही. पुढे दाराखालची प्लॅस्टिकची पट्टी उचलून तिच्याखालून मागे. पिवळं आवरण किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा. त्याला हातही लावायचा नाही, टेस्टरही नाही.

अर्थिंगसाठी डिकीतला उघडा पत्रा शोधा. रंग कानसीने किंवा पॉलिश पेपरने खरवडून पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, थिंबल बोल्टने आवळा, मग वरून रंगाचा हात द्या म्हणजे गंजणार नाही. ही वायरसुद्धा 8 गेजच, आणि जेवढी आखूड तेवढी चांगली. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देतात काही जण. मला ते पटत नाही. ज्या बोल्टवर जीव टांगलाय तो ढिला करून परत आवळायचा कशाला? नवं भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली वाकून बघा. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते. आणि हो, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सरची डबी असेल तर थेट तिथे काहीही जोडू नका. नव्या स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत ती असते, आणि तिला चुकवून करंट गेला की गाडीचा हिशोब चुकतो.

सिग्नल मी मागच्या दोन स्पीकरच्या वायरींवरून घेतला. जोड वायर कापून नव्हे, तर कपलर टू कपलर मिळणाऱ्या हार्नेसवर (तयार वायरींचं जुडगं) केला. गाडी वॉरंटीत असेल तर हाच मार्ग. कुठली प्लस आणि कुठली मायनस हे कळायला स्पीकर स्टिरिओपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली ती प्लस. एक चूक मात्र करू नका. स्पीकरची मायनस वायर म्हणजे अर्थ नव्हे. या स्टिरिओंत दोन्ही वायरींवर जवळजवळ सहा व्होल्ट डीसी उभे असतात आणि आवाज दोन्हींच्या फरकातून तयार होतो. मायनस बॉडीला लावली की स्टिरिओचं आउटपुट गेलंच. याच सहा व्होल्टवरून बरेच ॲम्प्लिफायर स्टिरिओ चालू झाल्याचं ओळखून आपोआप जागे होतात, मग रिमोटची (ॲम्प्लिफायरला चालू व्हायचा इशारा देणारी) वेगळी वायर लागत नाही. तुमचा तसा नसेल तर फ्यूज बॉक्समधून ॲक्सेसरीला चालू होणाऱ्या फ्यूजवरून ती घ्या. सतत चालू राहणाऱ्या वायरीवर दिली तर सकाळी बॅटरी उतरलेली असेल. पॉवरची वायर डाव्या कडेने नेली तर सिग्नलची उजव्या कडेने न्या, नाहीतर ॲक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून शीळ वाजते. तरीही वाजली तर आधी अर्थिंग परत घासा.

सबवूफरच्या पेटीबद्दल फार लिहीत नाही. टिंबर मार्केटमधून 18 एमएमचा एमडीएफ कापून आणला, आतलं माप 36 गुणिले 30 गुणिले 22 सेंटिमीटर, म्हणजे साधारण पावणेचोवीस लिटर. सबवूफरच्या कागदावर जेवढे लिटर दिले असतील तेवढी बांधा. मी बंद पेटी केली, भोकाची नाही. भोकाची पेटी जास्त वाजते, पण माझ्या कानाला बंद पेटीतला डग्गा जास्त नेमका लागतो. सगळे सांधे आतून सिलिकॉनने बंद करा आणि बाहेरून वॉर्निश मारा. पावसाळ्यात डिकीत ओली छत्री ठेवली की कच्चा एमडीएफ पापडासारखा फुगतो. पेटी पट्ट्याने डिकीला बांधायला विसरू नका, करकचून ब्रेक लागला तर ती पुढे येते.

आता गेन. गेन म्हणजे आवाजाचं बटण समजून लोक पूर्ण फिरवतात आणि महिन्याभरात कॉइल जाळतात. स्टिरिओचा सिग्नल जेवढा येतो त्याला ॲम्प्लिफायरची पूर्ण ताकद जुळवून घेणं, एवढंच त्याचं काम. सूत्र असं: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. 250 गुणिले 4 म्हणजे 1000, वर्गमूळ 31.6 व्होल्ट. सबवूफरच्या वायरी काढून ठेवा. स्टिरिओचा बास-ट्रेबल मध्यावर, ॲम्प्लिफायरचा बास बूस्ट शून्यावर, गेन पूर्ण खाली. इंजिन चालू. मोबाइलवरून 50 हर्ट्झचा टेस्ट टोन लावून स्टिरिओचा आवाज पाऊणवर न्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला धरा आणि 31.6 येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा. तिथे थांबा. भारी मीटर लागत नाही. घरची वीजही 50 हर्ट्झचीच, साधा मीटर त्यासाठीच बनलेला असतो. मग सबवूफर जोडा, जोरात वाजवा आणि व्होल्टेज दोन ठिकाणी मोजा: बॅटरीवर आणि ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर कुठलं तरी थिंबल नीट दाबलेलं नाही.

लो पास (ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचेच आवाज सबवूफरला जाऊ देणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर ठेवला. फेजचं (सबवूफरच्या कोनाची दिशा उलटवणारं) बटण 0 वर आणि 180 वर करून बघा, चालकाच्या सीटवर बसून ज्यात डग्गा भरीव लागेल ते खरं.

सबवूफर किती ठेवायचा, हे मात्र मी मीटरवर नाही, ठेक्यावर ठरवलं. तळजाईच्या पार्किंगमध्ये गाडी लावून विलंबित तीनताल लावला. पहिल्यांदा एवढा घुमला की खालीच्या ना तिं तिं ना मध्येही मागच्या धाचा घुमारा रेंगाळत होता. सबवूफरच्या रिमोट नॉबने लेव्हल कमी करत गेलो. खालीच्या मात्रांना डिकी अगदी गप्प झाली आणि शेवटच्या धा धिं धिं धा ला परत भरली, तिथे त्या नॉबवर मार्करने खूण केली. बायको म्हणाली, "एवढे पैसे घातले आणि आवाज तर वाढलाच नाही." मी ते कौतुक समजलो.

दोन किरकोळ गोष्टी. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना नव्या नंबरप्लेट लावाव्या लागल्या, त्यात माझीही आली, आणि ती प्लेट प्रत्येक गे ला टाळ धरायला लागली. मागे फोमची टेप चिकटवली, थांबली. तो रिमोट नॉब स्टिअरिंगच्या खाली बसवलाय आणि सोसायटीत शिरताना तो शून्यावर करतो. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि बास भिंतीतून जातो; वरच्या मजल्यावरच्या आजींना तीनताल ऐकवायचं कारण नाही. विमा काढताना हे सामान पॉलिसीत वेगळं लिहून घ्या, नाहीतर चोरीला गेलं तर त्याचे पैसे मागता येत नाहीत.

आठ दिवसांनी सगळे बोल्ट परत आवळा, तांबं दाबून बसतं आणि थोडं ढिलं होतं. लांबच्या प्रवासातून आल्यावर बॅटरीजवळच्या फ्यूज होल्डरला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर जोड खराब. मी हे दर खंडेनवमीला करतो, गाडी धुवायच्या आधी, दहा नंबरचा पाना घेऊन.