अंगण आणि रॅम्पच्या काँक्रीटला ब्रश फिनिश कसा द्यावा

दारातला रॅम्प, गाडी लावण्याची जागा किंवा मागचे अंगण काँक्रीटचे करताना पुष्कळ घरांत त्यावर गुरमाळा (गुळगुळीत करण्याची लोखंडी थापी) घोटून आणि नीरू (सिमेंटचा पातळ लेप) मारून ते आरशासारखे गुळगुळीत करून घेतले जाते. नवे असताना ते सुरेख दिसते; परंतु जुलैमध्ये त्यावर शेवाळाचा पातळ थर धरला की तीच जागा घरातल्या वृद्धांसाठी घातक ठरते. कोकणातल्या पावसात अशा कोब्यावरून पाण्याची कळशी घेऊन चालणारी आजी प्रत्येक पाऊल कशी चाचपून टाकते, हे ज्याने पाहिले असेल त्याने उघड्यावरचे काँक्रीट कधीही गुळगुळीत करू नये. काँक्रीट ओले असतानाच त्यावर झाडू ओढून बारीक समांतर रेषा उमटवल्या, म्हणजे पायाला आणि टायरला पकड मिळते. यासाठी जादा साहित्य जवळजवळ लागत नाही. योग्य वेळ मात्र साधावी लागते.

झाडूची निवड जागेप्रमाणे करावी. मुले खेळतात आणि माणसे अनवाणी वावरतात त्या अंगणासाठी मऊ, दाट केसांचा, लांब दांड्याचा प्लास्टिक ब्रश योग्य असतो. चढाच्या रॅम्पसाठी ताठ केसांचा ब्रश घ्यावा. माडाच्या हिरांचा खराटाही चालतो, मात्र त्याची टोके कात्रीने एका रेषेत कापून घ्यावीत, नाहीतर एखादाच हीर खोल ओरखडा काढत जातो.

काँक्रीट एम20 प्रतीचे, म्हणजे 1 भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि 3 भाग खडी या प्रमाणाचे असावे. 50 किलोच्या एका गोणीमागे साधारण 25 लिटर पाणी धरावे आणि वाळू ओली असेल तर त्यातून कमी करावे. 10 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 4 इंच जाडीच्या भागाला सुमारे आठ गोण्या सिमेंट लागते. गाडी उभी राहणार असेल तर जाडी 5 इंच ठेवणे बरे. माल पसरायला सोपा जावा म्हणून बिगारी बादलीभर पाणी वाढवतात, तेथेच पुढचे काम बिघडते. जादा पाण्यामुळे सिमेंटची जाड, दुबळी साय वर येते, झाडूच्या रेषा तिच्यातच उमटतात आणि पुढे त्या सायीबरोबर झिजून जातात.

खालचा मुरूम पाणी मारून नीट धुम्मस केलेला (ठोकून घट्ट बसवलेला) असावा आणि कडेच्या फळ्या बांधतानाच पाण्याचा ढाळ ठरवावा. दर 10 फुटांना अडीच इंच उतार पुरतो. उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करावे. ओतलेला माल दाबून बसवल्यावर सरळ पट्टी फळ्यांवर टेकवून करवतीसारखी इकडेतिकडे हलवत ओढावी आणि लगेच लाकडी रंधा (माल सपाट करण्याची मुठीची फळी) फिरवून खडी खाली बसवावी. एवढे झाले की हात आवरावा.

आता काँक्रीटमधून पाणी सुटू लागते आणि पृष्ठभाग चकाकतो. हवामानाप्रमाणे ही अवस्था कधी तासाभरात संपते, कधी त्याहून बराच वेळ घेते, म्हणून येथे घड्याळावर विसंबू नये. पाणी लवकर सुकावे म्हणून वर कोरडे सिमेंट भुरभुरण्याची सवय फार पसरलेली आहे. ती कृपा करून आपल्या कामावर चालू देऊ नये. त्यामुळे वर एक वेगळा पापुद्रा तयार होतो आणि पुढे रोज झाडताना करडी भुकटी निघत राहते. चकाकी आपोआप जाऊन पृष्ठभाग मंद दिसू लागला, की दुसऱ्यांदा रंधा फिरवून तो एकसारखा करावा आणि कडा गोल करून घ्याव्यात. गुरमाळा फिरवायचाच असेल तर एकच हलका हात पुरे.

झाडूची वेळ कोपऱ्यात वीतभर रेघ ओढून ओळखावी आणि खाली वाकून ती रेघ जवळून पाहावी. कडा लगेच ढासळून रेघेत लगदा भरत असेल, तर अजून थांबावे. वाळूचे कण सुटून झाडूपुढे गडगडत असतील, तर उशीर झालेला आहे. रेघेच्या दोन्ही कडा स्वच्छ उभ्या राहिल्या आणि खडी कोठेही उचकटली नाही, की ताबडतोब सुरुवात करावी. आंब्याच्या सावलीतला भाग उन्हातल्या भागापेक्षा मागे राहतो, हेही लक्षात ठेवून आधी उन्हाची बाजू घ्यावी.

झाडू बादलीत बुडवून चांगला झटकावा, पलीकडच्या कडेला टेकवावा आणि न थांबता, न दाबता, एका चालीने आपल्याकडे ओढत अलीकडच्या कडेबाहेर न्यावा. दाब झाडूच्या स्वतःच्या वजनाचाच असावा. मध्येच थांबले तर तेथे आडवा वळ उठतो, जो नंतर पुसता येत नाही. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर दोन बोटे चढवून घ्यावा आणि प्रत्येक ओढीनंतर झाडू धुवावा, कारण केसांत अडकलेला सिमेंटचा गोळा पुढची रेषा खराब करतो. रॅम्पवर रेषा चढाला आडव्या असाव्यात, सपाट अंगणात त्या ढाळाच्या दिशेने असाव्यात, म्हणजे पाणी त्यांतून वाहून जाते. उंबऱ्यासमोरचा दोन-अडीच फुटांचा चौकोन मात्र रांगोळीसाठी केवळ रंध्यावर ठेवावा. खोल रेषांवर रांगोळीची नाजूक रेघ उमटत नाही.

वेळ टळलीच, तर पाणी शिंपडून पृष्ठभाग पुन्हा मऊ करण्याच्या फंदात पडू नये. रंध्याचा खरखरीत फिनिश तसाच राहू द्यावा. त्यालाही पुरेशी पकड असते.

4 इंची काँक्रीटला दर 8 ते 10 फुटांवर इंचभर खोल खाच ठेवावी, म्हणजे तडा गेलाच तर त्या रेषेत जातो. पृष्ठभागावर ठसा उमटणार नाही इतका तो कडक झाला की ओले गोणपाट अंथरावे. पहिल्या दिवशी नळीचा जोराचा फवारा मारू नये. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या (ओपीसी) सिमेंटला किमान 7 दिवस, पीपीसी म्हणजे राखेसारखे पदार्थ मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस ओलावा द्यावा लागतो. कडक उन्हाळ्यात पीपीसी वापरले असेल तर 14 दिवस द्यावा. ही मुदत पुरी होईपर्यंत गाडी वर चढवू नये. पुढे पावसाळ्यात रेषांमध्ये शेवाळ दिसू लागले, तर अ‍ॅसिड न वापरता ताठ ब्रश आणि पाणी घेऊन रेषांच्या दिशेनेच घासावे.