लग्नाच्या वेबसाइटचा पासवर्ड

नवरा-नवरीची नावं आणि लग्नाची तारीख जोडून पासवर्ड करू नका. ते सगळं पत्रिकेवर छापलेलंच असतं! बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पाहुण्यांपैकी कुणाच्या फोनवर मराठी कीबोर्ड, कुणाच्या कन्नड. म्हणून इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, घरच्यांनाच ठाऊक असलेलं काहीतरी घ्या. गावाकडच्या शेताचं नाव आणि पुढे दोन-तीन आकडे, झकास. पत्रिकेवर फक्त क्यूआर कोड छापा, पासवर्ड भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर द्या. (आत्याबाई तो पुढे कुणाला फॉरवर्ड करतील, याचा नेम नाही.) सर्च इंजिनपासून साइट लपवायची सेटिंग वेगळी असेल तर तीही चालू करा. फोटो गूगल ड्राइव्हवर उघड्या लिंकने ठेवले असतील, तर साइटचा पासवर्ड त्यांना राखत नाही. तिथली परवानगी वेगळी तपासा.