घर राहायला घेताय ना, मग भाव वाढेल का हा प्रश्न आधी बाजूला ठेवा

आम्ही जळगावात नऊ वर्षं भाड्याने राहिलो. एका मे महिन्यात घरमालकांनी सांगितलं मुलाचं लग्न आहे, महिन्याभरात खोली रिकामी करा. आईने गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, अर्ध्या ओल्याच होत्या, त्या तशाच परातीत भरून टेम्पोत ठेवल्या. तेव्हाच ठरवलं, आता घर घ्यायचं ते कोणी उठवू नये म्हणून घ्यायचं.

असं घर शोधायचं तर हिशोबच वेगळा. "दोन वर्षांत डबल होईल" म्हणून हायवेच्या पलीकडचा प्लॉट दाखवतात, तिथे ना नळ ना शाळा, तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला बघायचं की वाईट वर्ष आलं, नोकरी गेली, कापसाचा भाव पडला, तरी हे घर हातातून जाणार नाही ना.

म्हणून पहिलं हप्त्याचं बघा. 20 लाखाचं कर्ज साडेआठ टक्क्याने 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 17,350 च्या आसपास बसतो, आणि शेवटी 41 लाखांच्या वर भरलेले असतात. दोघं कमावत असाल तरी हप्ता एकाच पगारात बसला पाहिजे, दुसऱ्याचा पगार धरूच नका. बँक जास्त देते म्हणून जास्त घेऊ नका, बँक तुमच्या घरातलं दवाखान्याचं बिल बघत नाही. आणि सगळी बचत डाउन पेमेंटमध्ये ओतू नका, निदान सहा हप्ते होतील एवढे पैसे वेगळे ठेवा. कर्ज फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराचं घ्या, राहत्या घरासाठी स्वतःच्या नावावर कर्ज घेणाऱ्याला त्यावर मुदतीआधी फेडायचा दंड लागत नाही, कापसाचे किंवा बोनसचे पैसे आले की थोडे थोडे मुद्दलात टाकत जा.

आता कागद. इथे मी सगळ्यात जास्त कळकळीने सांगतो. सामायिक सातबाऱ्यातला एक-दीड गुंठा स्टँप पेपरवर नोटरी करून स्वस्तात मिळतो, आमच्या ओळखीतल्या एकांनी घेतला, घर बांधलं, आणि मग मूळ मालकाच्या बहिणीने हिस्सा मागितला. नोटरीने मालकी येत नाही, रजिस्ट्री झालेलं खरेदीखतच पाहिजे. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनएचे म्हणजे बिगरशेतीचे कागद, मंजूर लेआऊट, बांधकाम परवानगी हे सगळं मागा आणि वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या मालकीच्या नोंदींचा तपास, करून घ्या. त्याची फी द्यायला मागेपुढे बघू नका. मोठ्या स्कीममध्ये फ्लॅट असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरच्या स्कीमची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर स्कीमचा नंबर टाकून बघा, भाव कार्पेट एरियावर म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर विचारा.

घर बायकोच्या नावावर घेतलं तर आपल्या महाराष्ट्रात स्टँप ड्युटीत 1 टक्का सूट आहे. पण सूट नसती तरी मी तेच सांगितलं असतं, उद्या माझं काही झालं तर तिला कोणाच्या दारात उभं राहायला लागू नये.

घर बघायला दोनदा जा. एकदा मे महिन्यात दुपारी दोनला, 45 डिग्रीत, पश्चिमेची भिंत हाताने चाचपा, वरच्या मजल्यावर स्लॅबखाली दहा मिनिटं उभे राहा. दुसऱ्यांदा पावसात. आपल्या तापी काठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर उथळ पाया असेल तर भिंतीला तिरक्या चिरा पडतात, खिडकीच्या कोपऱ्यात बघा. पाया मुरूमापर्यंत गेलाय का हे बिल्डरलाही विचारा आणि शेजारच्यालाही. पाण्याचंही शेजारणीलाच विचारा, नळ किती दिवसाआड येतो, बोअर एप्रिलमध्ये चालतो का, टँकर कधी मागवावा लागतो.

रजिस्ट्री झाली की पेढे वाटून थांबू नका हो, बरेच जण इथेच ढिले पडतात. फेरफार करून नाव लावून घ्या, घरपट्टी आणि लाईट बिल आपल्या नावावर करा. कर्ज फिटलं की बँकेतून मूळ कागद यादी करून मोजून परत घ्या आणि बोजा उतरवल्याची नोंद झाली का ते उताऱ्यावर स्वतः बघा.

आमच्या घरपट्टीच्या पहिल्या पावतीवर आईचं नाव आहे. ती तिने देवघरात ठेवलीय, आणि यंदा कुरडया पूर्ण वाळल्या.