सेप्टिक टँक तुंबली? आधी दोष कुठे आहे ते शोधा

संडासात पाणी ओतलं की ते आधी वर चढतं, मग सावकाश उतरतं. नहाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "टँक भरली." मैला उपसणारी सक्शनची गाडी येते, पैसे जातात आणि तीन आठवड्यांत पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. अशा वेळी बहुतेकदा बिघाड टँकमध्ये नसतोच. तो टँकच्या अलीकडच्या लाइनीत असतो किंवा पलीकडच्या शोषखड्ड्यात, म्हणजे टँकमधलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात. या तिघांपैकी कोण अडलंय हे तासाभरात कळू शकतं. गाडीला फोन करण्याआधी तेवढा एक तास काढाच.

सगळ्यात मोठा गैरसमज "भरली" या शब्दातच आहे. चांगली चालणारी सेप्टिक टँक कायम भरलेलीच असते. आत आलेला मैला तळाशी बसतो, तेल आणि हलका भाग वर साय धरतो आणि मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी आउटलेटच्या पाइपातून शोषखड्ड्यात जातं. पाच माणसांच्या घरासाठी आयएस २४७० या भारतीय मानकात १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याच्या खोलीची टँक सांगितली आहे. म्हणजे साधारण ११०० लिटर. फक्त संडासाचं पाणी धरलं तरी पाच माणसांचं रोज दीडशे-दोनशे लिटर होतं. त्यामुळे उपसलेली टँक आठवडाभरात आउटलेटपर्यंत भरते. अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणीही त्यातच सोडलं असेल तर दोनच दिवसांत. "गाडीवाल्याने फसवलं, आठवड्यात भरली" ही तक्रार म्हणूनच नेहमी खरी नसते. झाकण उघडल्यावर टँक भरलेली आहे का, हे बघून काही कळत नाही. पाणी आउटलेटच्या पाइपाच्या तळाला टेकलंय, त्याच्या वर गेलंय की खाली आहे, एवढंच बघायचं.

झाकणाला हात लावण्याआधी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. टँकमध्ये पेट घेणारा मिथेन आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड हे वायू साचतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचं प्रमाण फार वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. "आता वास गेला" म्हणून वाकणं म्हणूनच जिवावर बेततं. वारा पाठीवर घेऊन उभं राहा, झाकण सरकवून अर्धा तास उघडं ठेवा, तोंड कधीही भोकावर नेऊ नका. बिडी, काडी, पेटता दिवा जवळपास नको. कंदील सोडून हवा तपासायची जुनी पद्धत मिथेनमुळे धोक्याची आहे. उजेडासाठी बॅटरीही बाहेरूनच मारा. एकट्याने हे काम करू नका, मुलांना लांब ठेवा. काही पडलं म्हणून आत कुणी उतरायचं नाही, आणि आत कुणी पडलं तरी त्याच्यामागे उतरायचं नाही. अग्निशमन दलाला बोलवा. एकाला वाचवायला दुसरा उतरला आणि दोघेही गेले, हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे.

आता तपासणी. सुरुवात घरातून करा. एकच संडास तुंबलाय आणि बाकी सगळं नीट वाहतंय, तर दोष त्या भांड्याच्या ट्रॅपमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात) किंवा तिथून निघणाऱ्या पाइपाच्या फांदीत आहे, टँकचा काही संबंध नाही. सगळीकडेच पाणी संथ आहे, आणि वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर तळमजल्याच्या नहाणीतून पाणी वर येतंय, तर अडथळा मुख्य लाइनीत किंवा त्याच्या पुढे आहे. पाणी नेहमी सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येतं, म्हणून तळमजल्याची नहाणी हा सगळ्यात आधी बोलणारा साक्षीदार.

मग बाहेर या. घर आणि टँक यांच्यामध्ये एक तरी चेंबर, म्हणजे लाइन तपासायचा झाकणाचा छोटा हौद, असतो. कित्येकदा तो फरशीखाली किंवा कुंडीखाली दडलेला असतो. त्याचं झाकण काढा आणि कुणाला तरी घरात दोन बादल्या पाणी ओतायला सांगा. चेंबर कोरडाच राहिला, तर अडथळा घराच्या बाजूला आहे. प्लंबरला बोलावून रॉड मारून घ्या. गाडीची गरज नाही.

चेंबर काठोकाठ भरलेला असेल, तर टँकचं झाकण उघडा. इथे तीन शक्यता असतात. टँकमधलं पाणी नेहमीच्या पातळीला आहे आणि चेंबर मात्र तुंबलाय, तर इनलेटचं, म्हणजे पाणी टँकमध्ये आणणाऱ्या पाइपाचं, तोंड अडलंय. इनलेटला जो टी (इंग्रजी T आकाराचा पाइपाचा तुकडा) असतो तो पाण्याखाली साधारण ३० सेंटीमीटर जातो. वरची साय जाड झाली की याच टीमध्ये घट्ट बूच बसतं. लांब बांबूने वरून ढोसून ते मोकळं होतं, पण साय एवढी जाड का झाली हा प्रश्न उरतोच. बहुतेक वेळा उत्तर स्वयंपाकघरातल्या तेलात, ओल्या वाइप्समध्ये किंवा सॅनिटरी पॅडमध्ये सापडतं. दुसरी शक्यता, टँकमधलंच पाणी आउटलेटच्या पाइपाच्या वर चढलंय. मग अडथळा आउटलेटच्या टीमध्ये, पुढच्या पाइपात किंवा शोषखड्ड्यात आहे. खड्ड्याचं झाकण काढून बघा. खड्डा कोरडा आणि टँक तुडुंब, तर मधला पाइप बंद आहे. नारळाची, उंबराची किंवा पिंपळाची मुळं सांध्यांतून पाइपात शिरतात आणि आत झाडूसारखा गुच्छ करतात. खड्डाही भरलेला, तर दोष खड्ड्याचा. तिसऱ्या शक्यतेत पाणी आउटलेटच्या बरंच खाली असतं. नुकतीच उपसलेली नसेल, तर ती टँक गळकी आहे. तिच्याबद्दल पुढे.

गाळ खरंच वाढलाय का, हे मोजता येतं. दोन मीटरची काठी किंवा पीव्हीसी पाइप घ्या, खालच्या मीटरभर भागाला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून सुतळीने बांधा. आउटलेटच्या बाजूला, साय बाजूला सारून, काठी सावकाश तळाला टेकवा. दोन-तीन मिनिटं हलवू नका, मग सरळ वर काढा. पाणी ओघळून जातं आणि गाळाचे काळे कण टॉवेलच्या धाग्यांत अडकून राहतात. काळा पट्टा जिथे संपतो तिथपर्यंतची उंची म्हणजे गाळ. सायीसाठी दुसऱ्या काठीच्या टोकाला वीतभर आडवी पट्टी ठोका. ती सायीखाली घालून वर ओढा. पट्टी जिथे अडते, तिथे साय संपते. समजा पाण्याची खोली १०० सेंटीमीटर आहे, गाळ ३८ आणि साय १२ भरली. दोन्ही मिळून ५० झाले, म्हणजे निम्मी टँक गेली. आता गाडी बोलवा. बेरीज २०-२५च असेल तर उपसून काही साधणार नाही, दोष दुसरीकडे आहे. काठ्या आणि हातमोजे नंतर ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा.

शोषखड्डा का मरतो, हे समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. टँक वेळेवर उपसली नाही की पाण्याबरोबर गाळही वाहून खड्ड्यात जातो. तो खड्ड्याच्या भिंतींवर काळा, बुळबुळीत थर धरतो आणि मातीची छिद्रं बुजतात. असा खड्डा ॲसिड ओतून, मीठ टाकून किंवा बाजारातली पावडर घालून पुन्हा जिवंत होत नाही. गूळ, ताक, शेणकाला यांचाही उपयोग नाही. मैला कुजवणारे जिवाणू मैल्यातूनच पुरेसे येतात, आणि कुजून उरलेला गाळ कोणत्याही औषधाने नाहीसा होत नाही. खरा उपाय म्हणजे दुसरा खड्डा खणायचा, मध्ये छोटा चेंबर बांधून पाणी तिकडे वळवायचं आणि जुन्या खड्ड्याला काही महिने पूर्ण विश्रांती द्यायची. कोरडा पडला की तो थर सुकतो, मोडतो, आणि खड्डा बऱ्याच अंशी पुन्हा पाणी घेऊ लागतो.

नवा खड्डा खणण्याआधी जमिनीची परीक्षा घ्या. खड्ड्याच्या खोलीइतकं छोटं भोक पाडा, रात्रभर पाणी मुरू द्या. सकाळी पुन्हा वीतभर पाणी भरा आणि पातळी २.५ सेंटीमीटर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. अर्ध्या तासाच्या आत उतरली तर शोषखड्डा चालेल. तासापेक्षा जास्त लागला तर त्या जागी खड्ड्यावर विसंबू नका. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती नेमकी अशी असते. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असताना सगळं पाणी गटागट पिते, आणि पावसात फुगली की थेंबही घेत नाही. म्हणून ही चाचणी मे महिन्यात घेतली तर हमखास फसवते. मुरूम लागेपर्यंत खाली गेलात तर फरक पडतो. कोकणातल्या जांभ्याचं उलट आहे. तिथे पाणी इतक्या सहज उतरतं की खड्डा वर्षानुवर्षं तुंबत नाही, आणि तेच पाणी न गाळता शेजारच्या विहिरीत पोचतं.

दुखणं फक्त जुलै-ऑगस्टमध्येच येत असेल आणि दिवाळीनंतर आपोआप जात असेल, तर भूजल वर चढून खड्ड्यात शिरतंय. अशा वेळी कितीही उपसा, जमिनीतलं पाणी परत येणारच. पावसाळाभर संडासाखेरीज बाकी सगळं पाणी दुसरीकडे वळवा, छपराची पन्हाळं खड्ड्यापासून लांब सोडा. आणि भर पावसात टँक तळापर्यंत रिकामी करू नका. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने विटांची भिंत आत फुगते, आणि प्लास्टिकची किंवा फायबरची टँक तर होडीसारखी वर उचलली जाते, पाइप तुटतात. उपसावीच लागली तर लगेच साध्या पाण्याने भरून घ्या.

बारमाही तुंबत असेल आणि गाळही कमी असेल, तर फ्लशची टाकी तपासा. तिच्यात खाण्याचा रंग टाका, वीस मिनिटं कुणी फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय आणि रात्रंदिवस पाणी खड्ड्यात चाललंय. स्वस्तातला वॉशर बदलून कित्येक खड्डे सावरतात.

वासाचं निदान सोपं आहे. घरात वास येतोय आणि एखादी न्हाणी महिनोन्‌महिने वापरात नाही, तर ट्रॅपमधलं पाणी आटलंय. तांब्याभर पाणी ओता. वरून चमचाभर खाद्यतेल टाकलं तर पाणी सावकाश आटतं. फ्लश केल्यावर गुडगुड होत असेल तर व्हेंट पाइप, म्हणजे टँकमधला वायू वर सोडणारा उभा पाइप, बघा. पक्ष्याच्या घरट्याने किंवा धुळीने भरलेल्या जाळीने तो बंद झालेला असतो. टँक घराला लागून असेल तर हा पाइप छपराच्या दोन मीटर वर न्यायला हवा. तो खिडकीच्या उंचीवर संपवला की वास घरात येणारच. टोकाला जाळी हवीच, कारण क्युलेक्स डास या पाण्यात भरपूर वाढतो. घरात संध्याकाळी अचानक डास वाढले तर आधी ही जाळी आणि झाकणाच्या फटी बघा. फटी सिमेंटने कायमच्या बुजवू नका. झाकण उघडायला जड जाईल आणि मग कुणी उघडणारच नाही.

आता गळकी टँक. "वीस वर्षं झाली, एकदाही उपसली नाही" असं अभिमानाने सांगितलं जातं. अशा टँकला बहुतेक तळ नसतो किंवा भिंतीत मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. ती सेप्टिक टँक नाही, तो मैला थेट जमिनीत सोडणारा खड्डा आहे. खात्री करायची तर टँक आउटलेटपर्यंत भरा, रात्रभर घरातलं पाणी बंद ठेवा आणि भिंतीवर खडूने खूण करा. सकाळी पाणी खुणेखाली दिसलं तर गळती आहे. उपसून, धुऊन, आतून वॉटरप्रूफ गिलावा करणं हा उपाय, पण ते काम टँक पूर्ण उपसून, हवा खेळवून, त्यातल्या जाणकारांकडूनच करून घ्या.

गाडी येते त्या दिवशी तिथे उभं राहा. टँकला दोन कप्पे असतील तर दोन्हींची झाकणं उघडून घ्या. नुसतं वरचं पाणी ओढून गाडी निघाली तर घट्ट गाळ तळाशी तसाच राहतो, म्हणून पाण्याचा फवारा मारून गाळ ढवळायला सांगा. थोडासा जुना गाळ तळाला राहिला तरी हरकत नाही. पाणी आउटलेटच्या खाली गेलं की दहा मिनिटं थांबायला लावा आणि आउटलेटच्या पाइपाकडे बघत राहा. त्यातून काळं पाणी उलटं टँकमध्ये येऊ लागलं, तर खड्डा भरलेला आहे हे डोळ्यांदेखत सिद्ध झालं. कुणालाही आत उतरवू देऊ नका. सुरक्षा साधनांशिवाय कुणाला मैला साफ करायला आत उतरवणं हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि काम यंत्राने होत असताना कुणाच्या जिवाशी खेळायचं कारणच नाही. भरलेली गाडी कुठे रिकामी होते हेही विचारा. वाई आणि सिन्नर या शहरांत नगरपालिका दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या ठरवून उपसते आणि गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. तुमच्याकडे अशी सोय नसली तरी तीन वर्षांचा हिशोब घराने स्वतः पाळावा. उपशाची तारीख, गाळाची मोजलेली उंची आणि झाकण नेमकं कुठे पुरलंय हे मीटरच्या पेटीच्या आत लिहून ठेवा.

आवारात विहीर किंवा बोअर असेल तर खड्डा तिच्यापासून किमान १८ मीटर हवा, जांभ्यात आणि भेगाळ खडकात त्याहून लांब. अंतर कमी असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी एच२एसच्या बाटलीत (पाण्यात मैल्यातले जिवाणू आहेत का हे तपासायच्या बाटलीत) पाणी भरून ठेवा. एक-दोन दिवसांत ते काळं झालं तर पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, आणि नमुना ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत प्रयोगशाळेत पाठवा.