इंग्रजीतलं 'बेटर', 'मोर' आणि 'सूनर' रोजच्या बोलण्यात कसं वापरायचं

शाळेत आपण सगळ्यांनीच टॉल, टॉलर, टॉलेस्ट असा तक्ता पाठ केलेला असतो, आणि तरी बोलायची वेळ आली की तोंडातून 'ही इज टॉल दॅन मी' असंच बाहेर पडतं. अभ्यास कमी पडला म्हणून नाही, मराठी आड येते म्हणून. मराठीत 'तो उंच आहे' आणि 'तो माझ्यापेक्षा उंच आहे', दोन्हीकडे उंच तसाच्या तसा, सगळा भार 'पेक्षा' उचलतो. इंग्रजीत दॅन लावून भागत नाही, विशेषणाचं रूपही बदलावं लागतं, आणि आपण दॅन बरोबर लावतो कारण तो पेक्षासारखा वाटतो, शेपटीचा 'अर' मात्र राहून जातो.

तर आधी तो 'अर' पक्का करा, फार वेळ नका घालवू. एका झटक्यात बोलून होतात अशा शब्दांना अर लागतो, ओल्डर, चीपर, फास्टर. शेवटी 'ई' ऐकू येत असेल तर ईझिअर, बिझिअर, हॅपिअर. लांबलचक शब्दांना आधी मोर, म्हणजे मोर डिफिकल्ट, मोर इंटरेस्टिंग. गुडचं बेटर आणि बॅडचं वर्स हे पाठच करायचं, आणि फन इतका छोटा असून त्याला मोर फन म्हणतात हेही. बास.

खरी गंमत 'अजून'पाशी सुरू होते. आपल्याला म्हणायचं असतं 'हे अजून चांगलं आहे', अजूनला डोक्यात मोर येतो, चांगल्याला बेटर येतो, आणि तयार होतं 'मोर बेटर', जे चुकीचं आहे कारण तुलना दोनदा झाली. इथल्या अजूनला इंग्रजीत शब्द आहे 'ईव्हन', म्हणून ईव्हन बेटर. तसंच 'खूपच चांगलं'साठी व्हेरी बेटर नाही, मच बेटर किंवा फार बेटर (हा फार इंग्रजीतला, far) किंवा सरळ अ लॉट बेटर. आणि आजारी माणूस 'थोडं बरं वाटतंय' म्हणतो तिथे अ लिटल बेटर. मला तर वाटतं मराठीतलं हे 'बरं' बेटरचा सगळ्यात जवळचा नातेवाईक आहे, 'आता बरं आहे' म्हणताना आपणही कालच्याशी तुलनाच करत असतो, फक्त कालचं नाव घेत नाही.

हाच पुढचा धडा. रोजच्या वाक्प्रचारांत पुष्कळदा दॅन नसतोच आणि कशाशी तुलना चाललीये तेही सांगितलेलं नसतं, त्यामुळे शब्दाला शब्द लावत बसलात तर काही हाती लागणार नाही, पूर्ण तुकडा उचलायचा आणि त्याच्यासमोर आपला तयार मराठी तुकडा ठेवायचा. 'सूनर ऑर लेटर' म्हणजे आज ना उद्या. 'मोर ऑर लेस' म्हणजे थोडक्यात तेच, जवळपास. 'नो लाँगर'मध्ये लांबीचा काही संबंध नाही, पूर्वी होतं आणि आता नाही एवढंच, शी नो लाँगर वर्क्स हिअर. 'मोर दॅन हॅपी टू हेल्प' म्हणणारा आनंदाचं माप काढत नाहीये, अगदी आनंदाने करेन म्हणतोय. दॅन असलेलेही काही आहेत, 'बेटर लेट दॅन नेव्हर' म्हणजे उशिरा का होईना, 'ईझिअर सेड दॅन डन' म्हणजे बोलणं सोपं, करणं अवघड. 'बेटर सेफ दॅन सॉरी'ला मात्र मराठीतही पेक्षाच लागतो, नंतर पस्तावण्यापेक्षा आधी काळजी घेतलेली बरी. यातल्या बऱ्याच वाक्यांत कर्ता नाही, क्रियापद नाही, म्हणून ती व्याकरणाने सोडवायला जाऊ नका, ती तशीच्या तशी बोलली जातात.

आता जितकं-तितकं. 'जितकी प्रॅक्टिस कराल तितकं सोपं जाईल' याचं इंग्रजी 'द मोर यू प्रॅक्टिस, द ईझिअर इट गेट्स'. दोन्ही तुकड्यांना द लागतोच, आणि तुलनेचा शब्द त्या दच्या लगेच मागोमाग येतो. आपण चुकतो ते दुसऱ्या तुकड्यात, तिथे आपण 'इट गेट्स ईझिअर' असं नेहमीचं साधं वाक्य करून टाकतो. गंमत अशी की हा द म्हणजे नामाआधी येणारा तो नेहमीचा द नाहीच, जुन्या इंग्रजीत 'तेवढ्याने' अशा अर्थाचं एक सर्वनामाचं रूप होतं त्याचा हा उरलेला अवशेष आहे, म्हणजे मुळात ते आपलं जितकं-तितकंच. हे कळल्यापासून मी तो द कधी विसरलो नाही. याचीच छोटी रूपं रोज कानावर पडतात, काम कधी हवंय विचारलं तर 'द सूनर द बेटर', आणि मित्रालाही घेऊन येऊ का विचारलं तर 'द मोर द मेरिअर', जितके जास्त तितकी मजा.

यापुढचा प्रकार फसवा आहे आणि मी स्वतः त्यात फसलोय. एका मीटिंगमध्ये मी माझं म्हणणं मांडलं, समोरचा म्हणाला 'आय कुडन्ट अग्री मोर', मी ऐकलं फक्त 'कुडन्ट अग्री' आणि पुढची दोन मिनिटं त्याला पटवत बसलो, तो बिचारा मान डोलावतोय आणि मी आपला मुद्दे मांडतोय. त्याचा अर्थ होता, याहून जास्त सहमत होणं शक्यच नाही, म्हणजे शंभर टक्के सहमत. नकार आणि तुलना एकत्र आली की अर्थ टोकाला जातो. मराठीत 'याहून चांगलं काय असणार' म्हणतो तेव्हा आपण हेच करतो, म्हणून असं काही ऐकलं की मनात आधी 'याहून' लावून बघा. कुडन्ट बी बेटर, याहून चांगलं असूच शकत नाही, म्हणजे झकास. कुडन्ट केअर लेस, याहून कमी फिकीर शक्य नाही, म्हणजे काडीचं घेणंदेणं नाही. अमेरिकेत बरेच लोक यातला नकार गाळून 'कुड केअर लेस' म्हणतात आणि अर्थ तोच ठेवतात, ते ऐकून गोंधळू नका, पण स्वतः नकारासकटच म्हणा. आणि कसं चाललंय विचारल्यावर कोणी 'कुड बी वर्स' म्हणालं तर तो रडत नाहीये, बरं चाललंय म्हणतोय, तोंड जरा वाकडं करून.

एका ठिकाणी मात्र जपून, ते म्हणजे 'हॅड बेटर'. दिसायला हॅड, पण भूतकाळ अजिबात नाही, 'आय हॅड बेटर गो' म्हणजे मला निघायला हवं. स्वतःबद्दल म्हणा, काही हरकत नाही. पण साहेबांना 'तुम्ही हे बघितलंत तर बरं होईल' असं नम्रपणे म्हणायचं असताना आपण बरंला बेटर लावून 'यू हॅड बेटर चेक धिस' लिहितो आणि ते ऐकू येतं 'बघा हं, नाहीतर बघून घेईन' असं. तिथे 'इट वुड बी बेटर इफ यू चेक्ड धिस' किंवा त्याहून साधं 'कुड यू प्लीज चेक धिस' लिहा.

राहिले ते दॅन न घेणारे. सीनिअर, ज्युनिअर, सुपिरिअर, इन्फिरिअर हे शब्द लॅटिनमधून आले तेव्हाच तुलना पोटात घेऊन आले होते, त्यांना दॅन नाही, टू लागतो, शी इज सीनिअर टू मी. एल्डरचंही वेगळंच, माय एल्डर ब्रदर चालतं पण एल्डर दॅन मी चालत नाही, तिथे ओल्डर.